खोलीतलं एक मिनिट

सरक जरा, पाय लांब करू दे. आणि तो मोबाईल खिशात टाक, नाहीतर मी आपला झोपायला जातो. गोष्ट अंधारात ऐकायची असते, एक डोळा त्या काचेत ठेवून नाही.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही, हवं तर तुमच्या आजीला विचारा. पण ही गोष्ट माझ्या साडूच्या बाबतीत घडलेली आहे. आणि साडू असा नाकासमोर चालणारा माणूस, की मध्यरात्री रिकाम्या रस्त्यावरसुद्धा लाल दिव्याला थांबेल. तीस वर्षांत त्याने मला एक थाप मारलेली नाही. मारताच येत नाही त्याला. म्हणून सांगतो, नाहीतर असल्या गोष्टी मी कानाआड करतो.

साडू ग्रंथालयात कारकून. गेल्या वर्षी ग्रंथालयाने ठरवलं, की लढाई पाहिलेली माणसं एकेक करून चालली आहेत, तर त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जमा करून ठेवाव्यात. लढायला गेलेल्यांच्या, आणि मागे राहिलेल्यांच्याही. ठरवायला काय जातं! काम पडलं साडूच्या गळ्यात. त्याला एक साबणाच्या वडीएवढा रेकॉर्डर दिला, कानावर चढवायचे हेडफोन दिले आणि छापील फॉर्मांचा गठ्ठा दिला.

आता त्या कामाची एक रीत आहे, ती नीट ऐका. माणसाचं बोलणं संपलं, की त्याच खोलीत एक मिनिटभर कुणी काही बोलायचं नाही, आणि रेकॉर्डर चालू ठेवायचा. का? तर प्रत्येक खोलीचा स्वतःचा एक आवाज असतो. नंतर बोलण्यातला खोकला-बिकला कापला, तर त्या जागी हा खोलीचा आवाज भरतात, नाहीतर ऐकणाऱ्याला मध्येच खड्डा लागतो. त्या मिनिटासाठी साडू घड्याळाचा सेल काढायचा, फ्रिज बंद करायचा, आणि आपल्या किल्ल्यांचा जुडगा फ्रिजमध्ये ठेवायचा. हसू नका! जाताना किल्ल्या घ्यायला फ्रिज उघडावाच लागतो, मग तो पुन्हा चालू करायची आठवण राहते. लोकांचं दूध नासायला नको. आहे ना डोकं? आणि फॉर्मवर शेवटचा रकाना असायचा, ‘शांततेच्या वेळी खोलीत माणसं किती’. माणसं नुसती बसली तरी आवाज करतातच, म्हणून.

नोव्हेंबरची सोळा तारीख, रविवार. दुपारी साडू एका म्हाताऱ्या जोडप्याकडे गेला. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली शिंप्याचं दुकान. म्हाताऱ्याला सगळे हॅलोकाका म्हणायचे, कारण लढाईत तो फोनवर होता आणि नंतरचं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं. खरं तर माणूस तोंडात गुळणी धरल्यासारखा. ‘हॅलो’ हाच त्याचा सगळ्यात लांब शब्द.

काकू आधी बोलली. तिचं बोलणं मी स्वतः ऐकलंय. आवाज सपाट, भाजीची यादी वाचावी तसा.

“मी सतरा वर्षांची होते. शाळा बंद. आम्हा मुलींना दवाखान्यात पट्ट्या धुवायला घेतलं. रक्ताचा डाग गरम पाण्यात घातला की बसतो, थंड पाण्यात सुटतो. पहिल्या दिवशी मी रडले. दुसऱ्या दिवशी पट्ट्या मोजल्या. तिसऱ्या दिवसापासून काही नाही. दादा गेल्याची बातमी आली तेव्हा हात बादलीत होते. उरलेल्या पट्ट्या पिळल्या, वाळत टाकल्या, मग घरी गेले. तेव्हा जे रडू गेलं ते गेलंच. आई गेली तेव्हाही आलं नाही.”

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो आणि हॅलोकाका एकाच तुकडीत. लढाई संपल्यावर त्याचं सामान घरी पोचवायला हॅलोकाकाच आला होता. येत राहिला, आणि पुढे दोघांचं लग्न झालं.

मग चहा आला. साडूने चहावर फुंकर मारली तशी काकू जरा बोलती झाली. “दादा अशी फुंकर मारायचा की समोरच्याच्या अंगावर शिंतोडे! आई म्हणायची, मेल्या, चहा पितोस की चूल पेटवतोस? आणि आमचे हे बघा. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, चहावर एकदा फुंकर मारली असेल तर शपथ! गार होऊन त्याचं पाणी होईस्तोवर बसून राहतात.”

हॅलोकाका कपाकडे बघत होता. साय धरली होती त्यावर.

मग त्याची पाळी. चार वाक्यं बोलला. तिचा भाऊ रात्री पुढच्या ठाण्यावर एकटा होता. फोनची तार दोन वाजता गोळ्याने तुटली. त्यामुळे त्याची खबर मिळाली नाही. सकाळी गेलो तेव्हा उशीर झाला होता.

काकू मध्येच म्हणाली, “हे रात्रभर रांगत तार जोडायला गेले होते. स्वतः कधी सांगायचे नाहीत.”

काकाने कप बाजूला सारला. साडूने मिनिटभर शांतता घेतली, किल्ल्या घेतल्या, फ्रिज चालू केला आणि घरी आला.

सोमवारी रात्री तो हेडफोन लावून सगळं कागदावर उतरवायला बसला. बोलणं स्वच्छ होतं. शेवटचं मिनिट लावलं, आणि त्यात दोनदा कुणीतरी फुंकल्याचा आवाज आला. फू… फू. थोडं थांबून परत तसंच, आणि परत, मिनिटभर. साडूला वाटलं, म्हाताऱ्याने माईकवर श्वास सोडला असणार. मिनिट वाया गेलं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे, चालतंय. पण हा पडला नियमाचा माणूस. पुन्हा घ्यायचं ठरवलं.

मंगळवार, अठरा तारीख. रात्रीचे पावणेनऊ. मुद्दाम रात्री, कारण दिवसा खाली शिंप्याची मशीन चालायची. मला कोपऱ्यावर भेटला, स्कूटर चालूच. म्हटलं, कुठे? म्हणाला, “हॅलोकाकांकडे. मिनिटभर शांतता आणायचीय.” मी म्हटलं, “पिशवी घेतलीस का?” हसलो आम्ही. पुढचं मी दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडून ऐकलं, आणि त्या दिवशी तो हसत नव्हता.

दार काकूने उघडलं. तिचे पाय दुखत होते, म्हणून ती आतल्या खोलीत जाऊन पडली. साडूने घड्याळाचा सेल काढला. फ्रिज बंद केला, किल्ल्या त्याच्याच दाराच्या कप्प्यात ठेवल्या. काका टेबलापाशी.

“परत कशाला?”

“काका, मागच्या वेळी तुमचा श्वास आला मध्ये. दोनदा दोनदा फुंकल्यासारखं काहीतरी येतंय.”

काकाने नुसता हात पुढे केला. साडूने त्याच्या कानावर हेडफोन चढवले आणि ते मिनिट लावलं. काका ऐकत राहिला. चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नाही. मिनिट संपल्यावर हेडफोन काढून टेबलावर ठेवले, सरळ करून.

“अकरा वेळा आहे,” तो म्हणाला.

साडूने मोजलं नव्हतं. “हा तुमचा श्वास नाही का?”

“नाही.”

मग तो बोलला. साडू म्हणतो, रेल्वेचं वेळापत्रक सांगावं तसा बोलला. मी तुम्हाला जसंच्या तसं सांगतो.

“पुढचं ठाणं आमच्यापासून तीनशे पावलांवर. तिथे रात्री एकच माणूस बसायचा, अंधारात कान देऊन. जवळ फोन. बोलायचं नाही, समोरच्यांना ऐकू जाईल. फक्त फोनमध्ये फुंकर मारायची. पाव-पाव तासाने एक फुंकर म्हणजे सगळं ठीक. दोन म्हणजे कुणीतरी येतंय, परत येऊ का? मागून मी उत्तर द्यायचं. एकदा फुंकलं की तिथेच थांब. दोनदा फुंकलं की परत ये. उत्तर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. आणि परत बोलवायचं तर साहेबांना विचारून. आदल्या दोन रात्री त्याने दोनदा फुंकलं. दोन्ही वेळा मी साहेबांना उठवलं. एकदा ससा निघाला, एकदा काहीच नाही. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, आता सशासाठी उठवलंस तर तुलाच पुढे बसवतो. सगळे हसले. मी वीस वर्षांचा होतो.”

थांबला. मग परत.

“तिसऱ्या रात्री त्याने दोनदा फुंकलं. मी म्हटलं, पुन्हा विचारलं तर उठवतो. त्याने पुन्हा विचारलं. म्हटलं, अजून एकदा. साहेब माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर झोपले होते. अकरा वेळा विचारलं त्याने. मग विचारलं नाही. उजाडायच्या आधी मी पकडीने तार कापली. टोकं दगडाने ठेचली, गोळ्याने तुटल्यासारखी. मग चहा प्यायलो. भूक पण लागली होती. मी वाट बघत होतो की आता काहीतरी वाटेल. अजून बघतोय.”

साडूने टेबलावरचे हेडफोन उचलले. तो म्हणाला, “आणि ते रांगत जाणं?”

“ते कुणीतरी तिच्या आईला सांगितलं. मी नाही म्हटलं नाही.”

आतून काही आवाज नव्हता. काकाने दाराकडे एकदा बघितलं. “मी काही फार दिवसांचा नाही. तिला न सांगता जाईन असंच वाटत होतं. आता तोच परत विचारायला लागला… घ्या तुमची शांतता.”

साडू उठून जाऊ शकला असता. मी त्याला तेच म्हटलं, अरे गाढवा, पळायचंस! तर म्हणतो, काम अर्धवट कसं टाकायचं? त्याने हेडफोन लावले आणि बटण दाबलं.

काकाने आपल्या तोंडावर तळहात घट्ट धरला, स्वतःचा श्वास जाऊ नये म्हणून. साडू बघतोय. हात तोंडावर, नाकावर. हेडफोनमध्ये खोलीचा आवाज. नुसता. दहा सेकंद गेले असतील…

फू… फू.

काकाचा हात हलला नव्हता.

फू… फू.

कानाच्या इतक्या जवळ, की साडू म्हणतो, मानेवरचे केस हलले. त्याने माईककडे बघितलं. तिथे कुणी नाही. काका त्याच्याकडे बघत होता. काकाच्या कानावर काही नव्हतं, तरी दर वेळी त्याचे डोळे मिटत होते. बरोबर त्याच वेळी.

पाच… सहा… सात.

मिनिट केव्हाच संपलं होतं. साडूचा अंगठा बटणावर होता. दाबला जात नव्हता.

“किती झाले?”

काकू. आतल्या दारात उभी. केव्हापासून, कुणास ठाऊक. भिंतीला हात लावून.

“दहा,” साडू म्हणाला.

फू… फू.

“अकरा.”

मग काही नाही.

काकू आत आली. काकाच्या समोर बसली.

“अठ्ठेचाळीस वर्षं मी लोकांना सांगत आले. रांगत गेले होते म्हणून.”

“मी नाही म्हटलं नाही.”

“हो. नाही म्हटलं नाहीत.” तिने टेबलावरची कसलीशी धूळ पुसली. “मला राग यायला हवा होता. आत शोधतेय केव्हाची. सापडत नाहीये.”

“माझ्याकडे पण नाही,” काका म्हणाला. “काहीच नाही.”

“मरू दे ते. तो अजून तिथेच बसलाय. उत्तर आल्याशिवाय उठायचा नाही तो, मी ओळखते ना दादाला. उत्तर द्या.”

“साहेबांना…”

“साहेब मेले! पेपरात आलं होतं. मीच वाचून दाखवलं तुम्हाला. द्या उत्तर.”

काकाने रेकॉर्डर उचलला. तोंडाशी नेला, फोन धरतात तसा. ओठ पुढे केले. काही आलं नाही. पन्नास वर्षांत न केलेली गोष्ट, ओठ विसरलेले. त्याने ओठ ओले केले.

एकदा फुंकलं.

थांबला. बराच वेळ. एकच फुंकर राहिली असती तर ‘तिथेच थांब’ झालं असतं. काकूने टेबलावरची त्याची बोटं धरली.

त्याने दुसऱ्यांदा फुंकलं.

रेकॉर्डर खाली ठेवला. काकू उठली, स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला. साडू तसाच बसलेला, कानावर हेडफोन.

खूप लांब… काहीतरी. वाळक्या गवतावर पाय पडावा तसं. मग परत.

सावकाश. थकलेला माणूस चालतो तसा.

जवळ येत होतं. गवत संपलं. दगड. मग लाकूड… जिना. शिंप्याच्या दुकानामागचा जिना. साडूने हेडफोन ओढून काढले. जिना गप्प. आत पाणी उकळत होतं, बस. परत लावले.

जिन्यावर होता.

एक पायरी… एक पायरी…

उंबऱ्याशी थांबला.

साडूच्या पाठीमागे दार होतं. त्याने मागे वळून बघितलं नाही. काका मात्र बघत होता, त्याच्या खांद्यावरून पलीकडे. मग काका उठला. चौथी खुर्ची भिंतीशी होती, ती ओढून टेबलाला लावली.

काकू ट्रे घेऊन आली. तीन कप.

“मला नको, काकू,” साडू कसाबसा म्हणाला. “मी… निघतो.”

“तुम्हाला नाही,” काकू म्हणाली.

हं. आता जवळ सरकलात सगळे!

साडू जिना उतरला की पडला, त्याला आठवत नाही. खाली स्कूटरपाशी आला, खिशात हात घातला. किल्ल्या? किल्ल्या वर. फ्रिजमध्ये. आयुष्यभर दुसऱ्यांचं दूध नासू नये म्हणून जपला, आणि आता पाचावर धारण बसलेला, रस्त्यावर उभा. वर जायची हिंमत नाही. तीन किलोमीटर चालत घरी आला, बायकोला उठवलं, आणि दिवा लावून बसून राहिला.

पण रेकॉर्डर ग्रंथालयाचा होता. स्कूटर तिथेच. सकाळी सहाला गेला. काकूने दार उघडलं. डोळे सुजलेले. काका त्याच खुर्चीत, त्याच कपड्यांत. ओट्यावर तीन कप पालथे घातलेले.

तिने किल्ल्या हातात दिल्या. “दूध नासलं हो. असू दे.” मग रेकॉर्डर दिला. “हे चालूच राहिलं रात्रभर. आम्हाला बंद करता येईना.”

साडूने विचारलं, “पुसून टाकू का सगळं?”

उत्तर काकाने दिलं. “नाही. ठेवा. मी आधी सांगितलेलं खोटं आहे, तेही ठेवा, शेजारी. लोकांना दोन्ही ऐकू दे.” एवढं लांब तो साडूशी दुसऱ्यांदाच बोलला. मग समोरचा सकाळच्या चहाचा कप उचलला, आणि चहावर हलकेच फुंकर मारली. म्हातारा जानेवारीत गेला. झोपेत.

बरं. पुढचं ऐका, कारण हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, साडूवर ढकलत नाही. रेकॉर्डर घेऊन तो थेट माझ्याकडे आला. आम्ही दार लावून ऐकलं. काकाचा कबुलीजबाब त्यात नाही, तेव्हा बटण दाबलेलं नव्हतं. तो त्याने नंतर परत सांगितला, नीट, ग्रंथालयात आहे. यात त्या अकरा वेळच्या फुंकरा होत्या. उत्तर होतं. साडूचे पाय धडधडत जिना उतरतात, तेही आहे. मग कप ठेवल्याचा आवाज. एक. दोन. तीन.

मग काही नाही. बराच वेळ. खोलीचा आवाज, बस.

मग एक फुंकर. लांब, जोरदार. फोनमध्ये मारतात तशी नाही. चूल पेटवतात तशी.

आणि लगेच काकूचा आवाज, तो सपाट नव्हे, दुसराच, लहान मुलीचा वाटावा असा: “अरे, शिंतोडे उडतायत!”

मग ती रडायला लागली. मी आयुष्यात असं रडणं ऐकलेलं नाही. साडूने बंद केलं. मीच सांगितलं, कर बंद.

फॉर्म भरायचा राहिला होता. माझ्यासमोर, माझ्याच टेबलावर त्याने तो भरला. तारीख, वेळ, पत्ता, सगळं. शेवटच्या रकान्यापाशी त्याने पेन उचललं, आणि तो थांबला. मी म्हटलं, कामाची शांतता ती कप ठेवल्यानंतरचीच, तेव्हा तू तर निघून गेला होतास, दोन लिही. तो माझ्याकडे बघत राहिला. तुम्हाला सांगितलं ना, त्याला थाप मारता येत नाही.

फॉर्म आहे ग्रंथालयात. कुणीही बघावा. ‘शांततेच्या वेळी खोलीत माणसं किती’. तिथे त्याच्या रेखीव अक्षरात लिहिलंय, तीन.